घोडा नसलेलं पिस्तूल: चापावर वाद घालण्याआधी

रविवारी सकाळी पुण्याच्या बालेवाडीत नवीन आलेल्या पोरांना रेंज दाखवायचं काम अधूनमधून माझ्या गळ्यात पडतं. मी कोच नाही. बारा-तेरा वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल करतोय, राज्य पातळीच्या पुढे कधी गेलो नाही. पण सकाळी लवकर येतो आणि बोलायला आवडतं, एवढं भांडवल पुरतं. ही पोरं येतात, एक पेलेटही (एअर पिस्तुलाचा छर्रा) अजून उडवलेला नसतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, ग्लॉकचा ट्रिगर चांगला की सिग पी-320 चा?"

रात्रभर व्हिडिओ बघून आलेली असतात. 'वॉल', 'ब्रेक', 'रीसेट' सगळं पाठ. पूर्वी मी हसून विषय बदलायचो. आता बदलत नाही, कारण प्रश्न खरं तर चांगला आहे. ही दोन्ही स्ट्रायकरवर, म्हणजे घोड्याऐवजी आतल्या पिनेवर चालणारी पिस्तुलं. अशा पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, कसा असावा यावर जगभरचे पोलीस, फौजी आणि हौशी लोक चाळीस वर्षं भांडतायत, आणि त्या भांडणातून नेमबाजीचं निम्मं शास्त्र शिकता येतं. फक्त त्यात तोंड घालण्याआधी बोटाला काही गोष्टी कळलेल्या असाव्यात. त्या कोणत्या क्रमाने कळवून घ्यायच्या, ते इथे लिहितोय.

पायरी 1: हातात काय येऊ शकतं ते आधी समजून घ्या

ग्लॉक 17 असो की पी-320, ही मुख्यतः 9 मिलिमीटर पॅराबेलम काडतुसाची पिस्तुलं. आपल्याकडे शस्त्र कायद्याप्रमाणे हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, प्रतिबंधित गटात मोडतो. म्हणजे एनएसजीच्या जवानाकडे ग्लॉक असेल, तुमच्या-माझ्याकडे नाही. साध्या परवान्यावर मिळतात ती .32 किंवा .22 ची हत्यारं, आणि परवान्यासाठी वय 21 पूर्ण लागतं. इंटरनेटवर "सेटिंग लावून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर तो गावठी कट्टा किंवा तुरुंग यांपैकी एक विकतोय, बहुधा दोन्ही.

एअर पिस्तुलाचं तसं नाही. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर बाळगायला परवाना लागत नाही. स्पर्धेची 10 मीटरवाली सगळी पिस्तुलं यात बसतात. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो, बिल देतो. ते बिल आणि रेंजचं कार्ड पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. पीएमपीच्या बसमध्ये पेटी उघडून मित्राला दाखवायची हौस करू नका. नाकाबंदीला उभ्या असलेल्या हवालदाराला लांबून एअर पिस्तूल आणि खरं पिस्तूल यांतला फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही नसावी.

पण पहिले सहा महिने विकत घेऊच नका. चांगल्या परदेशी पिस्तुलाची किंमत लाखाच्या वर जाते, आणि ग्रिप तुमच्या हाताला बसते की नाही हे तुमचा हात घडल्याशिवाय कळत नाही. क्लबचं पिस्तूल वापरा. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातली रेंज तर आहेच, शहरात खासगी अकादम्याही आहेत. स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, पण तेव्हा रेल्वेची नोकरी पुण्यात आणि सराव बालेवाडीत. 2024 ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य घेऊन आला. तेव्हापासून रेंजवर जागा मिळवायची म्हणजे लवकर उठणं आलं.

पायरी 2: बोट बाहेर

पहिल्या दिवशी मी मुलांना दुसरं काही शिकवत नाही. पिस्तूल उचललं की उजव्या हाताची तर्जनी सरळ, चौकटीच्या अंगाला टेकलेली, ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, बाहेर. नळी कायम टार्गेटकडे. भरलेलं नाही याची स्वतः खात्री करेपर्यंत ते भरलेलंच आहे. नळीत नारिंगी फ्लॅग (भरलेलं नसल्याची खूण) घातल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. आणि "स्टॉप" ऐकलं की हातातलं सगळं थांबवून पिस्तूल खाली.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाच्या हाताची ठेवणच अशी आहे की मूठ वळली की तर्जनी पण वळते. गेल्या महिन्यात एका इंजिनिअर मुलाला मी वीस मिनिटांत अकरा वेळा "बोट!" म्हणालो. बाराव्या वेळी त्याने मला सांगितलं, "काका, ते आपोआप जातंय." तेच तर. स्ट्रायकर पिस्तुलाच्या वादात निम्मं भांडण या आपोआप जाणाऱ्या बोटाचंच आहे.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: पेलेट शिशाचे असतात. रेंजवरून बाहेर पडल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

पायरी 3: चाप म्हणजे घोडा नव्हे

मराठीत आपण सरसकट "घोडा दाबला" म्हणतो. वर्तमानपत्रंही तसंच छापतात, आणि मुंबईच्या टोळ्यांच्या भाषेत तर अख्खं पिस्तूलच 'घोडा'. खरं म्हणजे बोटाखाली असतो तो चाप, ट्रिगर. घोडा म्हणजे मागच्या बाजूला दिसणारा हॅमर. चाप ओढला की घोडा सुटतो, पुढे आपटतो, तो फायरिंग पिनला ढकलतो, पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते.

स्ट्रायकर पिस्तुलात घोडा नसतोच. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या आत एक लांब पिन असते, तोच स्ट्रायकर, तिच्यामागे स्प्रिंग. चाप ओढला की ती पिनच थेट पुढे झेपावते. बॉलपेनचं बटण दाबून रिफिल बाहेर येते, तसं काहीसं. कल्पना नवीन नाही. 1893 चं बोरशार्ट पिस्तूल आणि त्याच्या मागोमाग आलेलं जर्मन लुगर, दोन्ही स्ट्रायकरवर चालायची. 1970 मध्ये जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने प्लास्टिकच्या चौकटीचं व्हीपी-70 आणलं, तेही स्ट्रायकरचं. त्याचा चाप इतका जड होता की ते फारसं कोणाच्या मनात भरलं नाही. मग 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक निवडलं आणि चित्र पालटलं.

ग्लॉकच्या आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळा वाद इथून सुरू होतो. स्लाइड मागे ओढून सोडली की स्ट्रायकर पूर्ण ताणला जात नाही. अर्धवट ताणून थांबतो. उरलेला ताण तुमचं बोट देतं. चाप मागे जातो तसा ट्रिगर बार (चापाला जोडलेली दांडी) स्ट्रायकरला आणखी मागे खेचतो, आणि शेवटी तो बार खाली सरकला की स्ट्रायकर निसटतो. म्हणून ग्लॉकचा चाप ओढताना आधी सैल वाटतो, मग एका जागी अडतो, तिथून पुढे स्प्रिंग ताणल्यासारखं जाणवतं आणि मग सुटतो. अडतो ती 'वॉल'. सुटतो तो 'ब्रेक'. गोळी गेल्यावर चाप हळूच पुढे सोडत गेलात की 'टिक' होते, तो 'रीसेट'. तिथून परत ओढता येतो, चाप पूर्ण पुढे जाऊ द्यायची गरज नाही.

पी-320 मध्ये स्ट्रायकर आधीच पूर्ण ताणलेला असतो. बोटाचं काम फक्त त्याला सोडायचं. म्हणून तो चाप बऱ्याच जणांना मोकळा, आखूड वाटतो.

एकात बोट ताणतं आणि सोडतं, दुसऱ्यात फक्त सोडतं. "ग्लॉक रबरासारखा, सिग गुळगुळीत" वगैरे जी विशेषणं ऐकता, ती बहुतेक या एका फरकाची पिल्लं.

पायरी 4: दुधाची अर्धा लिटरची पिशवी घ्या

हा माझा आवडता भाग. चापाचा जोर किती, हे आकड्यात सांगून कोणाला कळत नाही. सकाळी दूध आलं की चितळेंची अर्धा लिटरची पिशवी कापडी पिशवीत घाला, आणि त्या पिशवीचा बंद तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मधोमध अडकवून धरा. झाला अर्धा किलो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 10 मीटर एअर पिस्तुलाचा चाप कमीत कमी 500 ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी नळी सरळ वर करून चापाला वजन अडकवतात. वजन उचललं गेलं पाहिजे, त्याआधी चाप सुटला तर पिस्तूल बाद.

आता दोन पिशव्या अडकवा. हा 25 मीटर पिस्तुलाचा नियम, किमान 1000 ग्रॅम.

पाच पिशव्या. हा साधारण ग्लॉकचा कारखान्यातून येणारा चाप, अडीच किलोच्या आसपास. बोट पांढरं पडेल. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर वर्षानुवर्षं आपल्या ग्लॉकना मुद्दाम 12 पौंडांचा चाप बसवून घेतला होता; म्हणजे जवळपास अकरा पिशव्या. का, ते पुढे येईल.

पण फक्त जोर बघून चालत नाही. जोर आणि पिस्तुलाचं वजन शेजारी ठेवून बघा. एअर पिस्तूल साधारण एक किलोचं, चाप अर्ध्या किलोचा. ग्लॉक 17 रिकामं असताना सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि चाप अडीच किलोचा. स्वतःच्या वजनाच्या चौपट जोराने जी वस्तू आपण एका बोटाने मागे ओढतोय, ती हलणार नाही तर काय होईल? यात जादू नाही, साधं गणित आहे.

गणित आणखी एक पायरी पुढे न्या. ग्लॉक 17 च्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर 165 मिलिमीटर. ओढताना पुढची साइट अर्धा मिलिमीटर खाली गेली, तर 10 मीटरवर मार तीन सेंटिमीटर खाली लागतो. एअर पिस्तुलात हे अंतर साधारण दुप्पट, म्हणून तीच चूक दीड सेंटिमीटरची. आणि आमच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं? साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या गुंडीएवढं. अर्धा मिलिमीटर हललात की एअर पिस्तुलातही दहा गेला.

म्हणून नवशिक्याने एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी असं मी म्हणतो. ते सोपं आहे म्हणून नव्हे. तिथे चापाची चूक कागदावर एकटी उमटते. धक्का नाही, स्फोट नाही, डोळे मिटायला काही कारण नाही. तरी सात लागला, म्हणजे बोटाने किंवा मनगटाने काहीतरी केलंय.

पायरी 5: पकड

हात हातात धरून शिकवायची गोष्ट आहे, लिहून थोडीच सांगता येते. तरी दोन शब्द. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पिस्तुलाची पाठ जितकी वर बसेल तितकी बसवा. मधल्या दोन बोटांनी सरळ मागे दाब द्या. करंगळी आणि अंगठा निमूट पडून राहतील असं बघा. आणि तर्जनी बाकीच्या बोटांपासून वेगळी चालली पाहिजे.

सगळ्यात जास्त चुकतं ते हेच शेवटचं. चाप ओढताना चारही बोटं एकदम आवळली जातात. उजव्या हाताच्या माणसाचा मार मग खाली डावीकडे जातो. आमचे जुने सर मागून येऊन विचारायचे, "काय रे, धार काढतोयस का?" खरंच, म्हशीची धार काढताना बोटं जशी एकामागून एक वळतात, तशीच हालचाल ती.

स्ट्रायकर पिस्तुलांच्या बाजूने इथे एक मुद्दा आहे. घोडा नसल्यामुळे नळी हाताच्या जरा जवळ बसवता येते, धक्क्याने तोंड कमी उसळतं. उलट आमच्या रेंजवर येणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांचं आयुष्य इशापूरला बनणाऱ्या 9 मिलिमीटर 1-ए पिस्तुलावर गेलं, म्हणजे 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची आपली आवृत्ती. ते बेचक्यातला पांढरा वण दाखवतात. "हा घोड्याने घेतलेला चावा." हाय-पॉवरमध्ये पकड फार वर गेली की मागे येणारा घोडा कातडी चिमटतो, हे जगजाहीर आहे. तरी सुभेदारसाहेब घोड्याच्याच पक्षाचे. त्यांचं कारण सातव्या पायरीत सांगतो.

पायरी 6: भिंत

आता महिनाभर पेलेट विसरा. नव्या माणसाला हे पटत नाही. पैसे भरले ते उडवायला, असं त्याला वाटतं. पण चाप शिकायची जागा म्हणजे पांढरी भिंत; पिस्तूल क्लबचं असेपर्यंत रेंजवरची, स्वतःचं आल्यावर घरातली.

स्पर्धेच्या एअर पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असते; चाप खऱ्यासारखा सुटतो, हवा सुटत नाही. पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत, कपाटात. नळी मोकळी आहे हे दोनदा बघायचं. भिंत अशी निवडा की पलीकडे बाहेरची बाजू असेल, शेजाऱ्यांचा हॉल नको. टार्गेट लावू नका, नुसती कोरी भिंत. पुढची साइट मागच्या खाचेत समोरासमोर, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. आणि चाप.

एअर पिस्तुलाचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा आत घ्या, थोडा भार तिथेच घालवा. मग अडतं तिथे थांबा. आता पुढचा दाब वाढवत न्या, पण कधी सुटणार ते ठरवू नका. शाळेत फाउंटन पेनात ड्रॉपरने शाई भरायचो, आठवतं? रबर दाबत गेलं की थेंब टोकाशी फुगतो, लोंबतो, आणि आपल्या नकळत पडतो. पाडायला गेलं की दोन थेंब पडतात आणि बोटं निळी. अगदी तसंच. सुटण्याच्या क्षणी साइट हलली का, एवढंच बघायचं. सुटल्यावरही बोट मागेच ठेवून दोन सेकंद बघत राहायचं.

हे जमलं की नळीवर, पुढच्या साइटच्या मागे, एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायला घरच्या कोणाला तरी सांगा. चाप सुटला आणि नाणं पडलं नाही, की एक गुण. माझी आजी खुर्चीत बसून नाणं ठेवायची. "भिंतीला एवढं काय बघतोस रे, ती काय पळून चाललीय?" असं दर पाच मिनिटांनी म्हणायची, आणि नाणं पडलं की तीच आधी हसायची.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हात थरथरायला लागल्यावर पुढे केलेला सराव चुकीची सवय पक्की करतो. एक सावधगिरी: हे .22 च्या पिस्तुलाने करायचं झालं तर नकली काडतूस घातल्याशिवाय करू नका, बऱ्याच .22 मध्ये पिन नळीच्या काठावर आपटून काठ खराब होतो.

पायरी 7: आता वादात उतरा

एवढं झालं की "कुठला चाप चांगला" या प्रश्नाला निदान अर्थ येतो. रेंजच्या बाहेर चहाच्या टपरीवर हा वाद आमच्यात ठरावीक वळणं घेतो.

हिंजवडीत काम करणारा एक तरुण आहे, अमेरिकेत दोन वर्षं राहून आलेला. तो म्हणतो, स्ट्रायकरचा खरा फायदा हलका चाप नाही, सारखा चाप. त्याचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकी सैन्याकडे 1985 पासून बेरेटा 92 होतं. त्यात घोडा खाली असताना पहिला मार लांब आणि जड ओढीचा, आणि दुसऱ्यापासून घोडा ताणलेला असल्यामुळे हलका आणि आखूड. म्हणजे एकाच पिस्तुलात दोन चाप. शिकाऊ जवानाला दोन्ही शिकवायचे, तेही पहिला मार सगळ्यात महत्त्वाचा असताना. स्ट्रायकरमध्ये पहिला आणि सतरावा मार सारखाच. 2017 च्या जानेवारीत त्या सैन्याने बेरेटा सोडून पी-320 ची आवृत्ती निवडली, त्यामागे अनेक कारणं असतील, पण शिकवायला सोपं हे त्या जातीच्या पिस्तुलांचं मोठं बलस्थान आहेच.

सुभेदारसाहेब चहा बशीत ओततात आणि म्हणतात, "सारखा आहे म्हणूनच बोट गेलं की गेलं." त्यांचा मुद्दा पिस्तूल कमरेच्या म्यानात परत घालण्याचा. घोडा असलेलं पिस्तूल म्यानात घालताना अंगठा घोड्यावर ठेवता येतो. चापात शर्टाचं टोक अडकलं असेल तर घोडा अंगठ्याला सांगतो. ग्लॉकला बाहेरून काही नाही. खटका नाही, घोडा नाही, जी काही सुरक्षा आहे ती चापावर आणि आत. चापाच्या मधोमध छोटी पट्टी आहे, ती बोटाने दाबल्याशिवाय चाप हलत नाही. आत पिन अडवणारा एक अडसर आहे. आणि पडल्यावर ट्रिगर बार निसटू नये अशी तिसरी सोय. पण या तिन्ही एकाच गोष्टीने उघडतात: चाप ओढल्याने. मग तो बोटाने ओढलेला असो की शर्टाच्या टोकाने. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अकरा पिशव्यांचा चाप का घेतला, ते आता कळलं असेल. जड चाप म्हणजे नको तेव्हा सुटण्याविरुद्धचा विमा. हप्ता मात्र नेमकेपणाने भरायचा.

या वादातला सगळ्यात शिकवणारा प्रसंग 2017 च्या ऑगस्टमधला. पी-320 ठरावीक कोनात मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटू शकते असं उघड झालं. कारण ऐका: चापाचा तुकडाच वजनदार होता. पिस्तूल जमिनीवर आदळून थांबायचं, चाप मात्र स्वतःच्या वजनाने मागे जात राहायचा, जणू कोणी ओढलाच. बस ब्रेक मारते तेव्हा उभे प्रवासी पुढे जातात, तसंच. कंपनीने हलका चाप आणि आतले काही भाग बदलून द्यायला सुरुवात केली. ग्लॉकच्या चापातली ती पट्टी, जिला लोक "बोटाला टोचते" म्हणून नावं ठेवतात, नेमकी याचसाठी असते. हे कळल्यावर मी तिला नावं ठेवणं सोडलं.

सुभेदारसाहेबांच्या लाडक्या हाय-पॉवरचा चाप काही फार सुंदर नाही, हेही सांगून टाकतो. मॅगझिन काढलं की चाप चालू नये म्हणून त्यात एक सोय आहे, ती मॅगझिनवर घासते आणि बोटाला खरखर लागते. त्यांना ते सांगितलं की ते म्हणतात, "तीस वर्षं घासून गुळगुळीत केलाय मी."

माझं मत विचाराल तर: हलका की जड हा प्रश्न दुय्यम. चाप दरवेळी तिथेच अडतो का आणि तिथूनच सुटतो का, हे आधी बघावं. आणि काम कोणतं, हे त्याच्याही आधी. आमच्या 10 मीटरमध्ये 60 शॉटना 75 मिनिटं असतात, सकाळचा चहा संपवल्यासारखं निवांत. 25 मीटर पिस्तुलाच्या जलद फेरीत टार्गेट फक्त तीन सेकंद समोर असतं; हात 45 अंशांवरून वर आणायचा, साइट जुळवायची आणि तेवढ्यात मार सोडायचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई खेळांत याच प्रकारात सुवर्ण घेतलं. तिथे हात वर येतानाच पहिला टप्पा घेतलेला असतो. आमचा 'थेंब नकळत पडू दे' हा सिद्धांत तिथे जसाच्या तसा चालत नाही, तो वेगाने चालवायला लागतो. आणि म्यानातल्या पिस्तुलाचं काम तर आणखी वेगळं.

"पिस्तूल काही नसतं, सगळं नेमबाजावर" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी टोकियोची आठवण देतो. भर ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर (पिस्तूल ताणायचा दांडा) तुटला, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

पायरी 8: कधी खरं स्ट्रायकर पिस्तूल हातात आलंच तर

परदेशात नातेवाईक नाहीत असं पुण्यात घर सापडणं अवघड. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. तो मला भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर घेऊन गेला, ग्लॉक 17 हातात दिलं, आणि "तू तर चॅम्पियन" म्हणून मागे हाताची घडी घालून उभा राहिला. सात मीटर अंतर. पहिल्या दहा गोळ्या खाली डावीकडे, मुठीएवढ्या जागेत. ग्रुप छान होता. फक्त कागदाच्या चुकीच्या कोपऱ्यात. वर्षानुवर्षं अर्ध्या किलोला सरावलेलं बोट पाच पिशव्या उचलायला गेलं आणि बाकीची बोटं मदतीला धावली. सर असते तर धार काढण्याबद्दल नक्की विचारलं असतं.

म्हणून तुमच्यावर तशी वेळ आली तर असं करा. तिथल्या रेंज अधिकाऱ्याला आधीच सांगा की पहिल्यांदाच हातात घेतोय, लाजू नका. कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा लावा. पहिल्या पाच वेळा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायला सांगा. गोळी नसताना चाप तीन-चार वेळा ओढून बघू देतील का विचारा. ग्लॉकमध्ये दरवेळी स्लाइड थोडी मागे ओढावी लागते, नाहीतर चाप मेल्यासारखा मागेच राहतो. ते पिस्तूल बिघडलेलं नाही, त्याची रचनाच तशी. काडतूस उडालं नाही तरी तेच: परत चाप ओढून उपयोग नाही. नळी टार्गेटकडे ठेवून थांबा आणि अधिकाऱ्याला हाक मारा. काही पिस्तुलं, ग्लॉक त्यातलंच, उघडताना आधी चाप ओढावा लागतो. सफाईच्या टेबलावर कित्येक अपघात त्यातून झालेत, तेव्हा ते काम तिथल्या माणसाला करू द्या.

आणि सगळ्यात उपयोगी: मावसभावाला मॅगझिन भरायला सांगा, मधेच कुठेतरी एक-दोन नकली काडतुसं घालून, तुम्हाला न दाखवता. नकली काडतुसावर 'टिक' होईल, धक्का बसणार नाही. त्या क्षणी नळीचं तोंड कुठे गेलं ते बघा. माझं दोन्ही वेळा जमिनीकडे गेलं, आणि मावसभावाने ते मोबाईलवर टिपून घरच्या ग्रुपवर टाकलं.